विहंगचं कुलूप

श्रीकृष्णने कटरची पाती कुलपाच्या कडीवर बसवली आणि तशीच काढून घेतली.

"काय झालं?" मॅनेजर भास्करराव मोहित्यांनी घड्याळात पाहिलं. "कापा ना. चार वाजता सभा आहे."

माल सुकवायच्या मोठ्या ड्रायरच्या स्विचला ते लाल कुलूप लटकत होतं. त्याच्या पट्टीवर विहंगचा फोटो होता, कंपनीने काढलेला, त्यामुळे न हसणारा. ज्या माणसाला कुणी कधी गंभीर पाहिलं नाही, त्याचा असा फोटो काढायला कंपनीच हवी. गेल्या रविवारी लहरीपुऱ्यात मुलीसाठी दप्तर घेताना तो दुकानाच्या पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. अडतीस वर्षांचा. चार दिवस झाले तरी कँटीनमधल्या त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नव्हतं, आणि तसं कुणी ठरवलंही नव्हतं.

बडोद्याजवळच्या बाजव्याच्या त्या कारखान्यात एक नियम देवासारखा मानत. यंत्रात उतरणाऱ्याने आपलं कुलूप स्विचला लावायचं, चावी स्वतःजवळ ठेवायची आणि बाहेर आल्यावर ते आपल्याच हाताने काढायचं. कुलूप आहे तोवर यंत्र सुरू होत नाही. कापायचंच झालं तर दोघांनी सही करून द्यायची, की कुलपाचा मालक आत नाही.

"मालक आत नाही, हे तर साऱ्या बडोद्याला ठाऊक आहे," भास्करराव म्हणाले आणि आपलंच बोलणं त्यांना लागलं. त्यांनी कागद पुढे केला. "शनिवारी लावलेलं असेल, राहून गेलं. दुरुस्ती झाली. सफाईही झाली, असं कंत्राटदार सांगतो. करा सही."

त्यांची सही आधीच झाली होती. श्रीकृष्णने पेन हातात घेतलं आणि तो कागदाकडे बघत राहिला.

त्याला जे माहीत होतं ते भास्कररावांना माहीत नव्हतं. विहंग आपलं कुलूप दुसऱ्यांना द्यायचा. कुणी घरी कुलूप विसरलं की ताकीदपत्र ठरलेलं. मग विहंग हसत पुढे यायचा, "काका, हे घ्या, संध्याकाळी चहा पाजा." श्रीकृष्णने स्वतः तीनदा घेतलं होतं. उगीच का तो सगळ्यांचा लाडका होता! पण म्हणजे हे कुलूप आज कुणाचंही असू शकत होतं. शनिवारचं असेल, नाहीतर आज सकाळीच कुणीतरी ते लावून आत उतरलेलं असेल.

हे बोलायचं कसं? तासाभराने सभेत भास्करराव जाहीर करणार होते की विहंगच्या बायकोला, सानवीला, कंपनीत नोकरी मिळाली. मुख्य कचेरीची अट एकच होती: गेलेल्याच्या नावावर सुरक्षेचा गुन्हा नको. आणि आपलं कुलूप दुसऱ्याला देणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा.

"साहेब, एकदा आत बघून घेऊ."

"अरे, पुन्हा परमिट, पुन्हा गॅसची तपासणी. पाऊण तास जाईल. कारण काय लिहू?"

श्रीकृष्णने पाना उचलून ड्रायरच्या पोलादी अंगावर तीनदा जोरात हाणला. शेजारच्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत त्याचा आवाज त्यालाच धड ऐकू आला नाही. आतून काही उत्तर आलं नाही. भास्कररावांनी भुवया उंचावल्या.

"झालं समाधान?"

श्रीकृष्णने पेन खाली ठेवलं.

"विहंग कुलूप द्यायचा, साहेब. दुसऱ्यांना. मी घेतलंय."

भास्कररावांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि गॅसचा मीटर मागवला.

कमरेला दोर बांधून श्रीकृष्ण आत शिरला. ड्रायर चांगला पस्तीस फूट लांब, आतून माल ढवळणारे पत्र्याचे आडवे पंखे, त्यामुळे बॅटरीचा उजेड चार हातांपलीकडे जाईना. तो रांगत होता आणि मनातल्या मनात विनवत होता, कुणी नसू दे रे. मग लगेच वाटे, कुणी नसलंच तर मेलेल्या मित्राची चुगली करून आपण मिळवलं काय? दोन्ही विचारांची त्याला सारखीच लाज वाटत होती.

शेवटच्या पंख्यामागे एक पाय दिसला.

सफाईवाली गंगाबाई अंगाची जुडी करून बसली होती. तोंडाला फडकं, कानांत कापसाचे बोळे. ती खाली मान घालून पत्रा खरवडत होती. अंगावर उजेड पडताच दचकली, एका कानातला बोळा काढला.

"चहाची सुट्टी झाली का, भाऊ?"

श्रीकृष्णने तिचा हात धरला, तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

तिला पाहिल्यावर स्वतःची सही असलेला कागद भास्कररावांनी चारदा घडी घालून खिशात कोंबला. मग म्हणाले, "कुलूप कोणी दिलं तुम्हाला, बाई?"

कंत्राटी बायकांना कंपनी कुलूप देत नव्हती, कंत्राटदार तर मुळीच नाही. हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.

"त्या भाऊंनी शनिवारीच," गंगाबाईने सुरुवात केली.

"मी दिलं," श्रीकृष्ण म्हणाला.

"मघाशी तर तुम्ही..."

"मघाशी अर्धंच सांगितलं, साहेब. मी त्याच्या खणातून काढून घ्यायचो, न विचारता. ह्यांनाही मीच दिलं. विहंगला पत्ताच नव्हता."

गंगाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने पदराने तोंड पुसलं.

"रिटायर व्हायला पाच महिने राहिलेत तुम्हाला," भास्करराव हळूच म्हणाले.

"हो, साहेब."

खाली फाटकाशी रिक्षा थांबली. सानवी मुलीला घेऊन उतरली. भास्कररावांनी खिडकीतून पाहिलं, मग अहवालाचा कोरा फॉर्म ओढला.

"पूर्ण नाव सांगा."

बावीस वर्षं ज्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला त्यांना श्रीकृष्णने आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव सांगितलं. आणि भास्कररावांनी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सावकाश लिहून घेतलं.