ताईचा आवाज ठेवायचा डबा

पाणी कोमट आण.

खिडकी लाव.

तुला विचारलं कुणी?

डॉक्टर, पडून राहिलं की खोकला वाढतो.

उशी उंच कर. एवढी नको.

बावळटच आहेस.

मला माझ्या मुलाशी बोलायचंय.

ही वाक्यं ताईने एका दुपारी, खोलीचं दार लावून, मायक्रोफोनसमोर बसून म्हटली. घशातल्या गाठीबरोबर तिचं स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. त्याआधी रोजच्या वापरातली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, असं वाचा-उपचारवाल्या बाईंनी सांगितलं होतं. पुढे टॅबलेटवर बोट ठेवलं की ती तिच्याच आवाजात वाजणार होती. ताईचं सगळं आयुष्य रेडिओवर निवेदन करण्यात गेलेलं. ‘बावळटच आहेस’ तिने तीनदा म्हटलं. आधीच्या दोन्ही वेळांना ‘च’ हवा तसा लागला नव्हता.

दाराबाहेर धाकटी बहीण ताईच्या साड्यांना इस्त्री करत होती. बावळट कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताईचा नवरा गेल्यावर धाकटी मुलाला सांभाळायला म्हणून आली आणि राहिली. मुलगा मोठा होऊन दूर गेला. धाकटी दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि उरलेला वेळ ताईची बोलणी खायची. पाहुण्यांसमोर ताई म्हणायची, “हिचं काय, ठेवलेल्या जागी असते. कुंडी बरी, तिला निदान फूल येतं.” पाहुणे हसायचे. धाकटीही हसायची.

भाच्याचा फोन आला.

“मावशी, आईचं रेकॉर्डिंग साठवायचा डबा पाठवलाय. नुसता डबा हं, आत डिस्क नाहीत. त्या तू घ्यायच्यास.”

“मी? अरे, मला काय त्यातलं?”

“आईही तेच म्हणाली. जाऊ दे तिचं. ऐक, दोन घ्यायच्या. एकीवर जे असेल तेच दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी असते. आईचे सगळे जुने कार्यक्रम आणि ही नवी वाक्यं त्यात राहणार, टॅबलेट तिथूनच वाजवणार. इंटरनेटवर ठेवायला ती तयार नाही. म्हणते, माझा आवाज परक्याच्या कपाटात नको.”

“मग दोन कुठल्याही घेऊ?”

“कुठल्याही नाही! डब्याच्या कंपनीने कुठल्या चालतात ते सांगितलंय, मी दुकानदाराला कळवलंय. दिवसरात्र चालू राहायला बनवलेल्या असतात, त्याच हव्यात. आणि एकाच खोक्यातल्या दोन नको घेऊस. एकत्र जन्मल्या की एकत्र मरतात.”

“बहिणींसारख्या नकोत म्हण.”

“मावशी, तू पण ना!”

धाकटी चपला घालत होती तेव्हा ताई आतून घोगऱ्या आवाजात म्हणाली, “दोन आणायच्यात. दोन. येतं ना मोजता?”

दुकानदाराने दोन डिस्क आधीच काढून ठेवल्या होत्या. “साहेबांनी सांगितलेल्या ह्या. आणि मावशी, दोन वेगवेगळ्या खोक्यांतल्या काढल्यात, काळजी नको.”

“आणि त्या मागच्या?”

“त्या साध्या. घरच्या कॉम्प्युटरला ठीक. ह्यांच्यात कसं, कौलं रचतात ना एकावर एक चढवून, तसं लिहिलेलं असतं. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची सगळी उचकटा. डब्यात घातल्या की बिचाऱ्या दमतात.”

“पण बसतात का डब्यात?”

“बसतात की. चालतातही. पण टिकणार नाहीत हो. पैशाचं बघत असाल तर—”

“पैशाचं नाही.”

धाकटीने काउंटरच्या काचेवरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “त्याच द्या. एकाच खोक्यातल्या.”

“साहेब मला ओरडतील.”

“त्यांना मी सांगते.”

तिने सांगितलं नाही.

भाचा येऊन डबा लावून गेला. घाईत होता, डिस्क धाकटीनेच आधी आत सरकवून ठेवल्या होत्या आणि दिवा हिरवा लागला होता. ताईचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर गळ्याशी श्वासासाठी पाडलेलं भोक घेऊन ती पलंगावर बसली आणि टॅबलेटवर तिने पहिलं बोट ठेवलं.

पाणी कोमट आण.

धाकटीच्या हातून तांब्या निसटला. आवाज आजारापूर्वीचा वाटावा इतका स्वच्छ होता. पूर्वी ताई बोलून बोलून थकायची, खोकायची, कधी विषय विसरायची. आता ते काही नव्हतं. भांडं पडलं, बावळटच आहेस. दार वाजलं, बावळटच आहेस. रेडिओवरच्या त्याच सुरेल पट्टीत, दरवेळी ‘च’ अचूक.

पावसाळा संपता संपता डब्यावरचा एक दिवा नारिंगी झाला. धाकटीने डब्यावर भरतकामाचा रुमाल टाकला.

भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्याने रुमाल उचलला.

“मावशी, हे कधीपासून?”

“दिवा आहे ना? लागलाय की.”

त्याने बिघडलेली डिस्क काढून नवी आणून घातली. उरलेल्या डिस्कवरचं सगळं आता नवीवर उतरायचं होतं. दुसऱ्या दिवशी डब्यातून टकटक ऐकू आली, कुणी आतून नखाने दार वाजवावं तशी. मग तीही थांबली; उरलेली डिस्कही गेली होती.

भाच्याने दोन्ही जुन्या डिस्क हातात घेऊन त्यांच्यावरची अक्षरं वाचली.

“ह्या त्या नाहीतच. एकाच खोक्यातल्या आहेत. मावशी, कुठल्या आणल्यास तू?”

“दुकानदाराने बांधून दिल्या त्या.”

“आणि माझ्याकडचं मी पुसून टाकलं. दोन ठिकाणी आहे म्हटलं...” त्याने डोकं धरलं. ताई दारात उभी होती. तिने मुलाकडे पाहिलं नाही. ती धाकटीकडे पाहत होती. तिचे ओठ हलले.

“काय म्हणतेय?” भाच्याने विचारलं.

“म्हणतेय, तुझी चूक नाही, बाळा.”

ताईने जोरजोरात नकाराची मान हलवली. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली.

भाचा परत गेला. ताईची बोटं थरथरायची; टॅबलेटवर एकेक अक्षर शोधून ओळ पुरी व्हायला फार वेळ लागे. त्यात बराच वेळ टॅबलेट चार्जिंगला असे, आतल्या खोलीत.

हिवाळ्यात ताईची रेडिओतली एक जुनी मैत्रीण भेटायला आली. पलंगाशी बसून तिने ताईचा हात हातात घेतला. “कशी आहेस गं? काही हवंय का तुला?”

ताईने तिचं मनगट पकडलं. धाकटीकडे बोट केलं. ओठ भराभर हलू लागले.

मैत्रीण गोंधळून वळली. “काय सांगतेय ही?”

धाकटीने चादरीची सुरकुती काढली. तिचा सूर मऊ होता, प्रत्येक शब्द सुटा.

“म्हणतेय, ही आहे म्हणून मला काही कमी नाही. आणि म्हणतेय, थकलेय, आता निघा.”

“खरंच भाग्यवान आहेस हो,” मैत्रीण डोळे पुसत ताईला म्हणाली. मग एकेक बोट हळुवार सोडवून तिने आपलं मनगट मोकळं करून घेतलं.

लहानपणी धाकटीला बरीच वर्षं बोलता येत नव्हतं. मुकी म्हणून आईने नाद सोडला होता. शाळेतून आल्यावर तिला पुढ्यात बसवून, स्वतःच्या गळ्यावर तिचा तळवा ठेवून, एकेक अक्षर ताईने शिकवलं.