शेवटच्या खाचेतली सीट

"आई गं... मेली ही कंबर!"

रोज सकाळी माझ्यावर टेकताना आमचे ड्रायव्हरकाका असं पुटपुटायचे. ते दुसऱ्या कुणाला ऐकू जायचं नाही. मला कान नाहीत, पण मित्रांनो, जी माणसाचं सगळं वजन अंगावर घेते तिला त्याची कुरकुरही झेलावीच लागते.

मी एका शहरी बसमधली ड्रायव्हरची जुनी सीट आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट काय वर्णावा! चकचकीत रेक्झिन, लुसलुशीत फोम आणि खाली दोन रूळ. दांडी ओढली की मी पुढे सरकायची, मागे सरकायची आणि खाचेत टक्कन बसायची. ताडमाड असो की ठेंगणा, ज्याला त्याला मी आपल्याच मापाची वाटायची. "राजगादी आहे बुवा!" म्हणत ड्रायव्हर मला थोपटायचे.

पुढे रूळ झिजले. ब्रेक दाबला की मी घसरू लागले. मिस्त्रीने नवे रूळ मागवले. "येतील, येतील" असं ऐकता ऐकता तो थकला आणि एक दिवस त्याने मला पार मागच्या खाचेत वेल्डिंग करून पक्कं बसवलं. तेव्हाचा ड्रायव्हर उंच होता, त्याचं भागलं. तो निवृत्त झाला. मी मात्र तिथेच चिकटलेली.

त्याच्या जागी काका आले. उंचीने बेताचे. क्लचपर्यंत पाय पोचवायचा तर त्यांना माझ्या पुढच्या कडेवर सरकून यावं लागे आणि पाठ अधांतरी राही. मग काकूंनी जुन्या चादरीची जाडजूड उशी शिवून पाठीमागे दिली. पाठीला टेकू मिळाला, पण माझी कड मांडीत रुतू लागली आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या.

"काका, सीटवर बसलाय की उंबरठ्यावर?" कंडक्टरबाई चिडवायच्या.

"पाहुण्यासारखं बसावं, बाई. कधी उठवतील नेम नाही."

हे हसण्यावारी जाई. पण डेपोत दुखणं सांगायचं नाही, अशी रीतच होती. सांगितलं की डॉक्टर, आणि डॉक्टरने शेरा मारला की स्टिअरिंग सुटलं. म्हणून सगळे ड्रायव्हर काखेत उशी मारून यायचे, जणू मुक्कामाला निघालेत. आणि सगळे म्हणायचे, "छे, मला कुठे काय होतंय!"

मग ती दुपार आली. उतारावर फळवाल्याची हातगाडी कडेला उभी होती. काका कूस बदलून कंबर मोकळी करत होते. त्यांची उजवी मांडी माझ्या कडेवर लाकडासारखी पडली होती. ब्रेक लागला, पण उशिरा. फळं रस्ताभर घरंगळली. फळवाल्याचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी डेपोचे साहेब अपघाताच्या चौकशीसाठी बस बघायला आले. मिस्त्री म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहेत, साहेब." माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. कंडक्टरबाई खिडकीची काच पुसत राहिल्या.

"म्हणजे हातगाडीच अचानक आडवी आली," साहेब काकांना म्हणाले. "झालं तर मग! तुमच्यावर काही येत नाही. थोडी विश्रांती घ्या. उद्यापासून ही गाडी आमच्या नव्या बाई चालवतील."

साहेबांसोबत आलेल्या नव्या ड्रायव्हरबाई लगेच उत्साहाने माझ्यावर चढून बसल्या. काकांहूनही ठेंगण्या. त्यांनी पाय लांब केला. क्लच बोटांच्या टोकाशीच राहिला. दांडी ओढून पाहिली. मी काय हलणार!

"घरून एक उशी आणा," मिस्त्री हळूच म्हणाला.

"आणते की!" त्या हसल्या. "मला चालेल. काही होत नाही."

मित्रांनो, मी थकले आहे. माझं रेक्झिन फाटलं, फोम बसला, त्याचं मला काही नाही. पण एखादी वस्तू माणसाच्या मापाची करायला आळस करू नका. वस्तू हलली नाही, तर माणूस वाकडा होतो, आणि त्याचं वाकडेपण रस्त्यावरच्या भलत्याच्याच पायावर जातं. मला तोंड असतं तर हे मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

काका दारातच उभे होते. काखेत उशी होती. गप्प राहिले असते तर सुटले असते. पण ते पायरी चढून वर आले आणि माझ्या पाठीवर हात टेकून उभे राहिले.

"हातगाडी आडवी नव्हती आली, साहेब. ती कडेलाच होती. माझा पाय बधिर झाला होता. ब्रेकवर आहे की नाही तेच मला कळलं नाही. मला दुखतं, साहेब. इथे बसलं की रोज दुखतं."