वळणावरचं लाल घर

फेरिदून कप्तान घर बघायला निघाला तेव्हा त्याची थोरली बहीण म्हणाली, सत्तरीत माणसाला चळ लागतो तो असा. त्याच्या पेन्शनीत त्या घराचा जिनासुद्धा आला नसता. पण वर्तमानपत्रात जाहिरात आली होती. बॉस्फरसच्या आशियाई काठावरची, पाण्याला खेटून उभी असलेली लाल लाकडी हवेली, दोनशे वर्षं एकाच घराण्याकडे, आता विकायची आहे. गिऱ्हाईक होऊन गेल्याशिवाय त्या दारातून आत कोण घेणार?

कप्तानाला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एकतीस वर्षं तो सामुद्रधुनीतून परदेशी जहाजांना वाट दाखवत होता. काळ्या समुद्राकडून येताना या हवेलीपाशी अवघड वळण लागायचं आणि तिथे वरच्या खिडकीतून कुणीतरी बाई पांढरा रुमाल हलवायची. तोही भोंगा एकदाच, छोटासा वाजवायचा. बायको गेल्यावर तर त्या रुमालाचाच त्याला आधार झाला. कोण ती, आणि आपल्यावर एवढी माया का करते, हे कोडं उराशी घेऊन मरायची त्याची तयारी नव्हती.

दार नेजातने उघडलं. वारसांमधला हा धाकटा, गोडबोल्या, म्हणून घर दाखवायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. तळमजल्यावर होड्या ठेवायची जागा, दिवाणखान्याचं रंगीत छत, हमामातला संगमरवर, सगळं तो कौतुकाने दाखवत होता. कप्तान नुसता हुंकार भरत जिन्याकडे सरकत होता. शेवटी वरच्या मजल्यावरच्या खोलीपाशी नेजात थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आत माझी आत्या आहे, मुकर्रेम हानम. विक्रीच्या कागदावर तिची एकटीची सही राहिलीय. काही बोलली तर मनावर घेऊ नका. तिला वाटतं, जहाजं तीच वळवते."

ओळख करून देऊन तो चहा आणायला खाली, बाकीची घरची मंडळी बसली होती तिथे गेला. खिडकीशी ऐंशीच्या घरातली, काटकुळी बाई बसली होती. मांडीवर पांढरा रुमाल. विचारावं कसं, या विचारात कप्तान असतानाच तावदानं थरथरू लागली.

जहाज येत होतं. हे वळण त्याने हजारदा घेतलं होतं, पण तिकडून. इथून दिसत होती ती नुसती काळी, गंजलेली, तिमजली नाळ, जहाजाचं पुढचं टोक, आणि ते सरळ त्याच्या छातीवर येत होतं. कप्तानाने चक्क खुर्चीचा हात घट्ट धरला. मुकर्रेम हानम शांतपणे उठली, खिडकी उघडली आणि रुमाल हलवू लागली. जहाजाला सांगत: उजवीकडे, उजवीकडे. जहाज वळलं. तिने खिडकी लावून घेतली.

"घाबरलात ना?" ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. धुक्यात असंच एक वळलं नाही. खाली स्वयंपाकघर होतं. आई तिथेच होती."

मग तिने सगळं सांगितलं. तेव्हापासून ती इथे बसते. दोन स्थळं आली होती, तिने नाकारली. ती गेली असती तर खिडकीत कोण बसलं असतं? घरचे हसतात. आत्याची वाहतूक पोलिसात भरती करा म्हणतात.

"एक जण मात्र भोंगा द्यायचा," ती म्हणाली. "वळतोय, म्हणून सांगायचा. बरीच वर्षं झाली, आता नाही देत कुणी."

कप्तानाला फार वाईट वाटलं. माया कसली, तो रुमाल भीतीचा होता. जिला तो आपलं माणूस समजत होता, तिच्या अंगावर तो वर्षानुवर्षं लोखंडाचे डोंगर घालत आला होता. गुपचूप चहा पिऊन निघून जावं, असंही त्याच्या मनात आलं.

"तो मी," तो म्हणाला. "घर घ्यायला आलेलो नाही मी, मुकर्रेम हानम. खोटं बोलून आलो."

मग तिने हळूच विचारलं, "मी रुमाल हलवला नसता, तरी वळला असता तुम्ही?"

कप्तानाने आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता. "वळलो असतो," तो म्हणाला, "पण उशिरा. नियमाप्रमाणे पलीकडच्या काठावरचा दिवा जहाजाच्या अगदी बाजूला आला की सुकाणू फिरवायचं. तुमचा रुमाल त्याच्या जरा आधी दिसायचा. एकदा सहज तेव्हाच फिरवलं, तर वळण एकदम सफाईदार बसलं. मग नेहमी तसंच केलं. दिव्याकडे मी बघणंच सोडलं होतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या नऊ जणांनाही तेच शिकवलं: लाल घरात पांढरं हललं की उजवीकडे."

मुकर्रेम हानमने रुमालाची नीट घडी घातली. जिन्यावर नेजातची पावलं वाजत होती.

"नेजात, चहा ठेव तिथे आणि बस," ती म्हणाली. "खालच्या सगळ्यांनाही वर बोलाव. कप्तान, आता पुन्हा पहिल्यापासून सांगा. आणि जरा मोठ्याने."