चोवीस तासांचा कॅन

लॅबमधल्या बाईंना सगळे पाठीमागे 'खडूस' म्हणायचे आणि ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. छत्तीस वर्षं लोकांची लघवी तपासल्यावर माणूस गोड राहील तरी कसा, असं त्यांचं म्हणणं. साधी गोष्ट सांगायची: उठल्यावरची पहिली टाकून द्या, तिथून घड्याळ लावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतचा थेंब न् थेंब या कॅनमध्ये भरा. शिकलेसवरलेले लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन दिवे लावायचे. कुणी ऑफिसातली सोडून द्यायचं, कुणी अर्धी सांडायचं. एका प्राध्यापकांना कॅन पुरला नाही, तर उरलेली त्यांनी चहाच्या थर्मासमधून आणली होती. तो थर्मास धुऊन परत मिळेल का, असंही वर विचारलं होतं.

त्या सकाळी डेअरीवाली आली. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती आणि आठवड्यातून तीन दिवस तो वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या मशीनला लागायचा. बायको म्हणून मूत्रपिंडासाठी आधी तिलाच विचारलं होतं, पण तिने हात वर केले. साखर आहे म्हणे, तीनशेच्या खाली उतरतच नाही. मग नवऱ्याची थोरली बहीण पुढे आली. ही एकटी बाई, शिवणकाम करायची, आपल्या दुकानामागच्याच खोलीत राहायची. तिच्या रक्तातला मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा अगदी काठावर निघाला. म्हणून डॉक्टरांनी चोवीस तासांचा कॅन मागवला होता, आणि तिने मूत्रपिंड द्यायचं की नाही ते या कॅनवर ठरणार होतं.

"साडेतीन लिटर भरलीय," डेअरीवालीने कॅन टेबलावर ठेवला. "वन्संना मुद्दाम आमच्याकडे आणलं होतं. दिवसभर पाणी पाजत होते. किडनी चांगली असली की भरपूर होते ना?"

बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिला वाटतंय मूत्रपिंड म्हणजे नळ, जितका सोडावा तितका चांगला. अगं बाई, ती दोन्ही दिवसभरात दीडशे लिटरच्या वर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. अंगात पाणी कमी पडलं की मेंदूकडून निरोप येतो, राखून ठेवा. मग लघवी थोडी आणि गडद. पाणी जास्त झालं की निरोप थांबतो. मग भरपूर आणि फिकी. तुझ्या साडेतीन लिटरवरून एवढंच कळतं की तू तिला पाणी पाजलंस. हे सगळं बाई मनातल्या मनात बोलल्या, कारण उघड सांगून काही उपयोग होतो यावरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता.

"आणि पाणी नाही हां घातलेलं," डेअरीवाली आपणहून म्हणाली. "हवं तर नळी बुडवून बघा. दुधातलं पाणी आम्ही तसंच पकडतो. माझ्यासमोर कुणाची लबाडी चालत नाही."

छत्तीस वर्षांत असा खुलासा न विचारता कुणी केला नव्हता. बाईंनी कॅन उचलून आत नेला.

क्रिएटिनिन मोजलं. हा स्नायूंच्या रोजच्या झिजेचा कचरा. तांब्याभर पाणी प्या नाहीतर हौदभर, दिवसाकाठी साधारण तेवढाच निघतो. बहिणीचं वजन त्रेचाळीस किलो, दंड काडीसारखे. तिचा आठशे मिलिग्रॅमच्या आसपास निघायला हवा होता. कॅनमध्ये निघाला एकोणीसशे. एवढा कचरा निघायचा तर या बाईचे दंड पैलवानाचे हवे होते. आणि त्यावरून मूत्रपिंडाच्या कामाचा जो आकडा येत होता, तो अगदी झकास होता. डॉक्टर तेवढाच बघणार. वरच्या ओळी वाचायला त्यांना सवड कुठे? तेवढ्यावर बहिणीला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं असतं.

बाईंनी रिपोर्ट दाबून ठेवला आणि बहिणीला फोन लावला. "कॅन सांडला. पुन्हा भरा. भावाच्या घरी जायचं नाही, तुमच्या खोलीतच भरा. पाणी तहान लागेल तेवढंच. आणि वहिनींना यातलं काही कळवायचं नाही."

"पण वहिनी किती करत होती हो माझं," बहीण म्हणाली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला जवळ बसवून घेतलं. दर तासाला ग्लास भरून द्यायची."

भोळसट, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या कॅनमध्ये लघवी निघाली सव्वा लिटर आणि क्रिएटिनिन आठशे दहा. मूत्रपिंडाचं काम जेमतेम निम्मं. बाईंनी वर डॉक्टरांना फोन केला आणि त्यांना दोन्ही रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचायला लावले.

रिपोर्ट न्यायला तिघंही आली. डेअरीवाला सुजलेली पावलं सांभाळत खुर्चीत बसला. बहीण दाराशी उभी राहिली. बाईंनी दोन्ही कागद टेबलावर मांडले.

"हा यांच्या एकटीचा. आणि हा तुम्ही आणलेला. यात आणखी कुणाची आहे?"

"माझीच," डेअरीवाली म्हणाली. तिला लाजबीज काही वाटलेली दिसत नव्हती. "एवढ्या पाण्याने त्यांची अगदीच पातळ झाली. नळी बुडवली असती तर तुम्ही परतच पाठवली असती. म्हणून थोडी घातली. पाणी तर नाही ना घातलं? भेसळ केली नाही मी."

"थोडी नाही, दिवसभराची घातलीत. बरं झालं, तुमचीही तपासून झाली. तुमची साखर तीनशे ना?"

"हो ना. मेली उतरतच नाही."

"एवढी साखर रक्तात असली की मूत्रपिंडांना ती सगळी परत ओढता येत नाही. उरलेली लघवीत उतरते, उतरतेच. या कॅनमध्ये साखरेचा कणसुद्धा नाही. तीनदा बघितलं मी."

आता नवरा उसळेल, असं बाईंना वाटलं. तो आपल्या पावलांकडेच बघत राहिला.

"तिला साखर नाही, माहितीये मला," तो म्हणाला. "पण तिला काही झालं तर घर कोण बघणार, डेअरी कोण बघणार? ताईच्या मागे कोण आहे?"

बाईंनी आतापर्यंत सगळा तिरस्कार बायकोसाठी राखून ठेवला होता. आपण माणूस चुकीचा निवडला, हे त्यांना तेव्हा कळलं.

बहीण टेबलापाशी आली. स्वतःचा कागद उचलून तिने बाईंना विचारलं, "माझं किती चालतंय?"

"निम्मं. एक काढून दिलं असतं तर थोड्याच वर्षांत तुम्हीही वर मशीनला लागला असता."

"आणि मग मला कुणी दिलं असतं रे?" तिने भावाला विचारलं. आवाज चढवला नाही. "तुम्ही मला पाणी पाजत होता, तेव्हा मला वाटलं, जीव लावताय. सांगायला लाज वाटते, पण मी रात्री आनंदाने रडले होते."

कागदाची घडी घालून ती बाहेर पडली.

बाईंनी सुई काढली आणि त्या डेअरीवालीकडे वळल्या. "बाही वर घ्या. डॉक्टरांनी तुमचं रक्त काढायला सांगितलंय, मूत्रपिंड द्यायची तुमची तयारी असेल तर."

डेअरीवालीने दोन्ही हात पर्सखाली घेतले. नवऱ्याने ते बघितलं, दाराकडे तोंड केलं आणि "ताई, अगं ताई" अशा हाका मारायला लागला. ताई तोवर जिना उतरून गेटच्या बाहेर गेली होती.