सान्वीने डिस्क पाडली नव्हती

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सान्वी शाळेतून घरी आली आणि तिने चपला काढायच्या आतच प्रीतमकाका तिच्यावर उखडला.

"काय केलंस माझ्या हार्ड डिस्कला?"

"मी? मी हातपण नाही लावला. परवा लॅपटॉपवर प्रोजेक्ट केलेला, तेवढंच."

"मग भुताने लावला? डिस्क बाजूलाच होती. पाडलीस ना? खरं सांग."

सातवीतली पोर. आधी तिला कळेचना, मग कानांच्या पाळ्या तापल्या. प्रीतमकाका लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि त्याचं सगळं काम त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत असायचं. सकाळी त्याने ती लॅपटॉपला जोडली तर तिचा दिवा लागला, पण लॅपटॉपला ती दिसेना. कोपरीतल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने आपली वायर लावली, दोन मिनिटांत काढली आणि म्हणाला, "डिस्क गेली. पडलेली असणार."

त्या 'असणार'चं 'सान्वीने पाडली' व्हायला घरापर्यंतचा रस्ता पुरला. बरं, मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण काकाने खडवलीच्या महेंद्रभाऊंना फोन करून तसं सांगितलं. त्यांच्या बहिणीचं लग्न वैशाखात लागलेलं आणि दसरा उलटला तरी व्हिडिओ द्यायचा बाकी. मग घरच्या ग्रुपवरही टाकलं, 'सान्वीने हार्ड डिस्क पाडली, सगळं काम गेलं.' खाली मावश्या, आत्या, चुलतभावंडं, सगळ्यांचे रडके चेहरे.

"सॉरी म्हण नि मोकळी हो गं," हौसाबाई आजी म्हणाली. "पडते वस्तू हातातून."

"पण पडलीच नाही तर सॉरी कसलं?" सान्वीचा आवाज चिरकला. "मला कोणी विचारलं तरी का ग्रुपवर टाकायच्या आधी?"

मारुतीआजोबा खिडकीशी बसून ऐकत होते. खोपटच्या एसटी डेपोत त्यांनी तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"प्रीतम, पडताना बघितलीस?"

"नाही, पण आप्पा..."

"मग पडली म्हणू नकोस. चालत नाही म्हण." ते सान्वीकडे वळले. "वही आण. आपण बघू."

"मी कशाला बघू? मी काही केलेलं नाहीये!"

"म्हणूनच बघायचं. डेपोत गाडी बंद होऊन आली की आधी ड्रायव्हरचं नाव निघायचं. आम्ही नाव ऐकून घ्यायचो आणि गाडी तपासायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हं. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही."

सान्वीने वही आणली, ती आपटूनच उघडली. डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावली. दिसली नाही. त्याच खाचेत पेन ड्राइव्ह लावला, तो लगेच दिसला. 'लॅपटॉप ठीक', तिने लिहिलं. मग शेजारच्या रचनाकाकूंकडून त्यांची डिस्क आणि वायर मागून आणली. त्यांची वायर काकाच्या डिस्कला जोडली. दिसली नाही. काकाची वायर त्यांच्या डिस्कला जोडली, तर ती झटक्यात दिसली.

"म्हणजे काय?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे वायरपण ठीक. राहिली ही."

"सांगितलं ना, गेलीये ती!" काका पलंगावरून ओरडला. "दुकानदार काय वेडा आहे?"

"त्याने कारण कुठे शोधलं?" सान्वी फणकारली. आणि बोलता बोलता थांबली. तिने वायर पुन्हा रचनाकाकूंच्या डिस्कला लावून पाहिली, मग काकाच्या. "आप्पा, हे बघा. त्यांच्यात ही पिन पूर्ण आत जाते. ह्याच्यात थोडी बाहेर राहते."

"वायर काढ. टॉर्च आण."

टॉर्चच्या उजेडात खाचेच्या तोंडाशी लाल भुकटी दिसली आणि तिच्यामागे काहीतरी पिवळसर. सान्वी सुई आणायला उठली. "सुई नको," आप्पा म्हणाले, "आतल्या पट्ट्या ओरखडतील. दात कोरायची काडी आण." आप्पांनी डिस्क उलटी धरली आणि सान्वीने श्वास रोखून काडी फिरवली. तांदळाचा एक अर्धा दाणा वहीवर पडला. हळदीने रंगलेला, कुंकू लागलेला.

काल दसऱ्याची पूजा काकानेच केली होती. कॅमेरे, लेन्सा, डिस्क, सगळं पाटावर मांडून त्याने हळदकुंकू वाहिलं होतं आणि वरून मूठ मूठ अक्षता टाकल्या होत्या.

वायर या वेळी खट्कन आत गेली. लॅपटॉप टुडुंग वाजला आणि सगळी लग्नं पडद्यावर हजर झाली.

"आधी दुसरीकडे कॉपी करून ठेव," आप्पा म्हणाले. पण काका टाळ्या पिटत होता. "अरे वा! सानू, तू तर इंजिनियर निघालीस! चल, आईस्क्रीम खायला." ग्रुपवर त्याने टाकलंही, 'डिस्क चालू झाली.' खाली सगळ्यांचे अंगठे.

"झालं, मिटलं एकदाचं," आजी म्हणाली.

"नाही मिटलं." सान्वी उठून उभी राहिली. "महेंद्रकाकांना फोन लाव."

"आता ते कशाला? काय सांगू, अक्षता घुसली म्हणून? हसतील ते मला."

"आणि मला काय म्हणत असतील? त्याचं तुला काहीच नाही?"

काकाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी टीपॉयवरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला. काकाने लावला. सान्वीने स्पीकरचं बटण दाबलं.

"अरे प्रीतम, त्या पोरीला ओरडला नाहीस ना? लहान आहे ती," पलीकडून महेंद्रभाऊ म्हणाले.

त्यांचा तो मायेचा आवाज ऐकून सान्वीला जास्तच चीड आली. ज्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं, तो माणूस तिला न केलेल्या चुकीची माफी देत होता.

"नाही हो भाऊ," काका पुटपुटला, "तिने काही केलं नव्हतं. माझ्याच हातून पूजेत अक्षता गेलेली आत. तिनेच शोधून काढली."

मग महेंद्रभाऊ म्हणाले, "आणि वैशाखापासून काल दसऱ्यापर्यंत काय अडकलेलं?"

काकाने रविवारी व्हिडिओ देतो म्हणून कबूल केलं आणि फोन ठेवला. आजी पदराआड हसत होती. सान्वी मात्र हसली नाही.

"आता ग्रुपवर."

"अगं, टाकलं ना चालू झाली म्हणून!"

"चालू झाली हे टाकलंस. पाडली नव्हती हे कुठे टाकलंस?"

काकाने सुस्कारा सोडून अंगठे हलवायला सुरुवात केली. सान्वी त्याच्या खांद्यामागे उभी राहून एकेक अक्षर वाचत होती.

"माझं नाव पहिल्या ओळीत घाल," ती म्हणाली. "तेव्हापण पहिलंच होतं."