पावडरमधल्या चकत्या

"हार्लनकाका, सगळ्या गावाला तुम्ही स्वतः भरलेली काडतुसं देता, मग स्वतःसाठी दुकानातली पेटी कशाला घेतलीत?"

डार्सीने विचारून टाकलं. शेडच्या दारातून आत आली, कानटोपी काढली आणि विचारून टाकलं, कारण क्षणभर जरी थांबली असती तर तिचा धीर सुटला असता. पैजच तशी होती. सकाळी शाळेच्या बसमध्ये ब्रेनाने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की डार्सीने हे म्हाताऱ्याला तोंडावर विचारलं नाही, तर उन्हाळ्यापर्यंत ब्रेनाच्या कोंबड्यांचं खुराडं डार्सीने साफ करायचं.

ब्रेना सुट्टीच्या दिवशी चारा-अवजारांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. रविवारी तिनेच ती पेटी हार्लनला विकली होती. "आणि म्हणतो कसा, कागदी पिशवीत घाल, वर खिळ्यांची पुडी ठेव! अगं, लपूनछपून सिगारेट घेणाऱ्या पोरासारखा चेहरा होता त्याचा. स्वतःच्या हातचं त्यालाच नको झालंय. आणि माझ्या भावाने, किपने, मात्र त्याच्याकडून अख्खा डबा भरून आणलाय."

बस हसली. डार्सीही हसली, पण तिचा हात कोटाच्या खिशात होता, आणि खिशात एक रिकामं पितळी काडतूस होतं.

त्याची गोष्ट तिने ब्रेनालाही सांगितली नव्हती.

रविवारी संध्याकाळीच घडलं ते. कोकरं जन्माला यायचे दिवस, म्हणजे कायोटींचेही दिवस. ही कोल्ह्याच्या जातीची जनावरं कुंपणाबाहेर बसून राहतात, आणि एखादी मेंढी जरा बाजूला गेली की कोकरू पसार. दोन कोकरं आधीच गेली होती. तिसऱ्या वेळी डार्सी तयार होती, रायफलीत हार्लनने भरून दिलेलं काडतूस घालून. कायोटी खळग्यातून वर आला, उभा राहिला, तिने श्वास सोडत चाप ओढला. आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. दणकाही. गोळी त्याच्या पाठीवरून गेली आणि कायोटी वळूनही न बघता निघून गेला. ज्या रायफलीने ती शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी पाडायची, तिने!

आणि मग रायफलीचा बोल्ट, रिकामं काडतूस बाहेर काढायचा मागचा दांडा, उघडेना. तिने हिसका दिला, तरी नाही. बाबा धावत आले, त्यांनी रायफल घेतली, लाकडाच्या ठोकळ्याने दांडा ठोकून ठोकून उघडला. रिकामं काडतूस उडून बर्फात पडलं.

"म्हाताऱ्याचे डोळे गेलेत," बाबा म्हणाले. "मी केव्हाचा म्हणतोय. आण तो डबा इकडे. उरलेली मी टाकून देतो."

"हार्लनकाकांना सांगायला नको?"

"काही नको. त्याला वाईट वाटेल. आणि तू बाहेर बोलू नकोस, कळलं ना?"

मग ते खाली वाकून बर्फात ते रिकामं काडतूस शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. का कोण जाणे, डार्सीने त्यावर बूट ठेवला होता, आणि तो तिने हलवला नाही. डेल टोरगर्सन म्हणजे तिचे बाबा दर वर्षी शाळेत शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग घ्यायचे. ती स्वतः त्याच वर्गात पास झालेली. बोल्ट अडकला तर थांबा, पुढचं झाडू नका, ज्याने भरलं त्याला आधी सांगा, हे फळ्यावर त्यांनीच लिहिलेलं. मग आज ते हार्लनकाकांना सांगायचं नाही म्हणतात? आणि रिकाम्या पितळेसाठी एवढी शोधाशोध?

तर असे दोन संशय घेऊन ती या शेडमध्ये उभी होती. एक म्हाताऱ्याचा, एक बाबांचा, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नव्हते.

हार्लन रागावला नाही. उलट त्याने स्टुलावरची मांजर खाली सोडली आणि म्हणाला, "दार लाव. गार वारा येतोय. कोणी पाठवलं तुला, गल्ल्यावरच्या पोरीने?"

"माझी मीच आले," डार्सी म्हणाली. हे अर्धंच खरं होतं.

शेड नेहमीसारखीच झाडलेली होती. भिंतीला जाड लाकडी फळी, तिच्यावर काडतुसात गोळी दाबून बसवायचं यंत्र, तराजू, पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, मोजून सोडायचं नरसाळं. आणि पावडरचा एकच डबा. हार्लनचा नियमच तो: फळीवर एका वेळी एकच डबा, आणि उठायच्या आधी नरसाळं रिकामं करून त्यातली पावडर ज्या डब्यातली त्याच डब्यात परत. हा नियम तो येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवायचा की पोरं त्याची नक्कल करायची. पण आज तराजूशेजारी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली होती आणि एक भलं मोठं भिंग. डार्सीने ते पाहिलं. आपण पाहिलं हे हार्लननेही पाहिलं, हे तिला कळलं.

तिने खिशातलं काडतूस फळीवर ठेवलं.

हार्लनने ते डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठ्याच्या नखाने बुडाकडची टोपी चाचपली, जिच्यावर पिन आपटते ती. तिच्या गोल कडा आतल्या जादा दाबाने पार चेपून सपाट झाल्या होत्या.

"बोल्ट अडकला?"

"बाबांनी ठोकून उघडला."

"माझाही अडकला. शनिवारी." तो खाली बसला. "म्हणून पेटी घेतली. माझी बंदूक बिघडली की काडतूस, हे कळायला. दुकानातली लोण्यासारखी चालली. म्हणजे खोट माझ्या काडतुसात."

"मग लोकांना सांगितलं का नाहीत?" डार्सीचा आवाज चढला. वयाने एवढ्या मोठ्या माणसावर तो चढला याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

"काल अंधार पडता पडता खात्री झाली. मग काही काडतुसं फोडली, पावडर परत तोलली. वजन बरोबर! पुन्हा तोललं. बरोबरच. मग वाटलं, तराजूचा काटाच मला धड दिसत नसेल." त्याने भिंग उलटं ठेवलं. "आज फोन करणार होतो."

"करणार होतात म्हणजे केला नाहीत. किपकडे डबा आहे, हार्लनकाका! तो शाळेतून येऊन लगेच डोंगरावर जातो. बोल्टच्या मागे त्याचा चेहरा असतो!"

हार्लन उठला. मग भिंतीवरचा फोन उचलून त्याने आकडे बोटाने चाचपत दाबले. "किप? हार्लन बोलतोय. माझ्याकडून नेलेल्यातलं एकही झाडू नकोस. नाही, एकही नाही. चूक माझी आहे. घेऊन ये, नाहीतर मी येतो." पलीकडून किप काहीतरी म्हणाला आणि हसला, ते डार्सीला इथपर्यंत ऐकू आलं. हार्लन हसला नाही. "या खेपेची आणखी कोणाला दिलेली नाहीत," तो फोन ठेवत म्हणाला. "तुझा बाप आणि किप, दोघंच."

आता खरं तर ती जाऊ शकली असती. पैज जिंकली होती, किप वाचला होता. पण एक गोष्ट तिला टोचत होती. वजन बरोबर असेल तर दणका जास्त कसा?

"फोडलेली पावडर कुठे आहे?"

त्याने पांढरी बशी पुढे सरकवली. डार्सी खिडकीशी गेली. बशीत राखाडी, बारीक कापलेल्या काड्यांसारखे दाणे होते. तिने बोटाने ते पसरले. आणि मग मेंढ्यांच्या खाद्यात कोंडा मिसळलेला कळावा तसं तिला दिसलं.

"या चकत्या कसल्या?"

"कसल्या चकत्या?"

"काड्यांच्या मधे. चपट्या, गोल. अगदी बारीक आहेत, पण पुष्कळ आहेत. तुम्हाला नाही दिसत?"

हार्लनने भिंग घेतलं, बशी तिरपी केली, दिव्याखाली नेली. त्याला दिसत नव्हतं, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं. शेवटी त्याने चिमूटभर पावडर तळहातावर घेतली आणि दुसऱ्या बोटाने चोळत राहिला. मग बोट थांबलं.

"पिस्तुलाची," तो हळूच म्हणाला. "चकत्यांची पावडर पिस्तुलात घालतात. भसकन जळते. रायफलीच्या पावडरमध्ये ती मिसळली तर वजन तेवढंच राहील आणि दाब मात्र..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"पण तुम्ही तर पिस्तूल विकलंत."

"केव्हाच. या शेडमध्ये तसला डबा नाहीये."

दोघांनी एकाच वेळी नरसाळ्याकडे पाहिलं. मांजर फळीवर चढली, कोणी तिला हटकलं नाही.

"तुम्ही बिलिंग्जला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात," डार्सीने सावकाश विचारलं, "तेव्हा इथली किल्ली कोणाकडे होती?"

हार्लन डब्याचं झाकण लावायला लागला. लागलेलंच झाकण. "कुत्र्याला कोणीतरी खायला घालायला हवं होतं ना."

कुत्र्याला खायला बाबा घालत होते. घरी फ्रीजवर बाबांच्या पिस्तुलाची नवी, चकचकीत काडतुसं पेटीत रांगेने उभी होती. तिने ती रोज फ्रीजमधलं दूध बाहेर घेताना बघितली होती आणि एकदाही विचार केला नव्हता.

"हार्लनकाका, किपला परत फोन करा. सांगा की चूक तुमची नाही."

"डबा माझा, फळी माझी. मला दिसलं असतं तर मी वापरलीच नसती. म्हणजे चूक माझीच." त्याने टोपी डोक्यावर ओढली. "एकदा फोन झालाय. दुसरा होणार नाही. आणि तू घरी जाऊन आग लावू नकोस, पोरी."

पण आग आधीच लागली होती. जेवायला बसेपर्यंत ब्रेनाचा निरोप आला: 'खुराडं सुटलं तुझं. किप म्हणतो म्हातारा संपला, आता त्याच्याकडून कोणी काहीही भरून घेऊ नये. सगळ्यांना सांगतोय.' डार्सीने फोन ताटाशेजारी उलटा ठेवला. ती काडतुसं भरून देणं एवढंच हार्लनकडे उरलं होतं. त्यासाठीच माणसं त्याच्या दारात यायची, कॉफी प्यायची, तासन् तास बसायची.

"हार्लनने मान्य केलं म्हणे," बाबा बटाटे कुस्करत म्हणाले. "किपचा बाप भेटला होता. बरं झालं. वेळीच थांबला म्हातारा."

"बाबा, तू हार्लनकाकांच्या शेडमध्ये पिस्तुलाची काडतुसं भरलीस ना?"

बाबांचा काटा बटाट्यातच राहिला. आई दोघांकडे बघत होती.

"डेल?" आई म्हणाली.

"तूच फोन केलास, मेंढी अडलीय म्हणून," बाबा आईला म्हणाले, जसं काही चूक फोनचीच होती. "घाई होती. नरसाळ्यात थोडीशी उरली होती. समोरच्या डब्यात ओतली. माझा डबा आधीच गाडीत नेला होता, हे नंतर लक्षात आलं. नंतर म्हणजे... खात्री नव्हती. जराशीच तर होती!"

"म्हणून ते काडतूस बर्फात शोधत होतास."

बाबांनी ताट बाजूला सारलं.

"डार्सी," आई हळू आवाजात म्हणाली, "वर्ग बाबा घेतात. सगळी पोरं त्यांच्याकडे येतात. हार्लन आपण होऊन म्हणालाय ना, की चूक त्याची? त्याचं वय झालंय, त्याचे डोळेही... आता हे उकरून कोणाचं भलं होणार?"

डार्सी पाणी प्यायली.  

"हार्लनकाकांचे डोळे गेलेत, हे खरं. आणि ती पावडर बाबाने ओतली, हेही खरं. लोकांना आत्ता अर्धंच माहीत आहे. बाबा, सकाळी बस यायच्या आधी तू हार्लनकाकांकडे जा आणि तिथूनच किपला फोन कर. तू गेलास तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही गेलास तर बसमध्ये मी उभी राहून सगळ्यांना सांगणार आहे की दुसरा डबा कोणाचा होता. मी ठरवलंय."