बस पास

लोकशाहीत प्रत्येक मत अमूल्य असतं. आमच्या घरातली अमूल्य मतं दर निवडणुकीला एकमेकांना खाऊन टाकतात आणि मग आम्ही जेवायला बसतो.

यंदा जेवणाचीही पंचाईत होती. माझी मुलगी टॅमसिन येत्या सप्टेंबरात वर्षभर शिकायला स्पेनला जाणार होती. पूर्वी नुसती बॅग उचलून जाता यायचं. आता व्हिसा लागतो. ब्रिटनने युरोपातून बाहेर पडावं म्हणून माझ्या वडिलांनी, डेस्मंडनी, मोठ्या हौसेने मत दिलं होतं. व्हिसाचा अर्ज भरला त्या दिवसापासून टॅमसिनने आजोबांशी बोलणं टाकलं, रविवारी त्यांच्याकडे जेवायला येणंही. ऐंशी उलटलेले वडील तिची खुर्ची मात्र मांडून ठेवत.

निवडणूक जाहीर झाली तसा तिने माझ्याकरवी तह पाठवला. आजोबांनी जन्मात एकदा हुजूर पक्षाला सोडून उदारमतवाद्यांना मत द्यावं, म्हणजे ती रविवारी येईल. ती स्वतः कट्टर हरित, पण तीही नाक दाबून उदारांनाच देणार होती. हुजुरांना इथे पाडतील तर उदारच, असं तिला कुठल्याशा वेबसाइटने सांगितलं होतं. मी मजूरवाला. माझं नाक मला न विचारताच दाबलं गेलं.

"म्हणजे न आवडणाऱ्याला निवडायचं," वडील म्हणाले, "का, तर त्याहून न आवडणारा गळ्यात पडू नये."

"डावपेच म्हणतात त्याला."

"आमच्या वेळी लग्न म्हणायचे."

पण खुर्चीकडे बघून कबूल झाले.

मतदान चर्चच्या हॉलमध्ये होतं. दाराशी कुणाचा तरी कुत्रा बांधलेला, आणि लोक त्याचे फोटो काढत होते. उमेदवारांपेक्षा त्याचा चेहरा प्रामाणिक होता, हे खरं. वडिलांनी ओळखपत्र म्हणून म्हाताऱ्यांचा बस पास दाखवला आणि आत गेले. त्यांच्यामागे टॅमसिनने तरुणांचा रेल्वे पास पुढे केला.

"हा नाही चालत, बाळा," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

"फोटो आहे की त्यावर. आजोबांचा कसा चालला?"

"त्यांचा यादीत आहे. तुझा नाही. पासपोर्ट? लायसन्स?"

लायसन्स तिने पृथ्वीच्या काळजीपोटी काढलेलंच नाही. ती बाहेर येऊन कुत्र्याशेजारी उभी राहिली. मी आत जाऊन, नाक दाबून, माझं उरकून आलो. त्या हॉलमध्ये आपल्या आवडीचं मत देणारं कुणी असेल, तर ते मला दिसलं नाही.

वडील मागोमाग आले. कडू काढा घेतल्यासारखं तोंड. "घे पोरी. जिवावर उदार होऊन उदारांना दिलं. तुझं झालं?"

"मला देऊ देत नाहीत."

"का?"

"पासपोर्ट स्पेनवाल्यांकडे पडलाय, आजोबा. व्हिसासाठी."

वडिलांनी हातातला बस पास एकदा पाहिला आणि खिशात घातला.

"रविवारी येशील ना पण?"

"येईन. ठरलंय ना."

आली. बटाटे खाल्ले, मांसाला हात लावला नाही. "ग्रेव्ही द्या जरा," एवढं एकच वाक्य आजोबांशी बोलली, आणि त्यांनी भांडं अख्खंच तिच्यापुढे सरकवलं.

निकाल तोवर लागलेला होता. हुजूर आरामात आले. दुसरे हरित. उदार चौथे.